सात एमएमच्या अलीकडे

टेस्ट ट्यूब बेबीच्या फायलीत ईटी नावाचा एक रकाना असतो. एंडोमेट्रियल थिकनेस, म्हणजे गर्भपिशवीच्या आतल्या अस्तराची जाडी. वय, एएमएच म्हणजे बीजांचा साठा सांगणारी तपासणी, ह्यांचा शुक्राणूंचा काउंट, बीजं किती निघाली, गर्भ किती तयार झाले, असे बाकीचे रकाने आम्ही कसेबसे पार केले. अडकलो ते ह्या एकात. डॉक्टरांना सात एमएम हवे होते आणि माझं अस्तर सहाच्या आसपास येऊन जे बसायचं, ते हलायचं नाही.

सातच का, हे कुणी आपणहून सांगत नाही. विचारत विचारत कळलं ते असं. पाळी संपते तेव्हा अस्तर अगदी पातळ असतं. बीज वाढायला लागलं की त्यातून इस्ट्रोजेन हे हार्मोन येतं आणि अस्तर वाढत जातं. बीज फुटायच्या सुमारास बहुतेक बायकांचं ८ ते १२ एमएम होतं. मग प्रोजेस्टेरॉन येतं आणि त्याला गर्भ रुजण्याजोगं करतं. सातच्या खाली दिवस राहण्याचं प्रमाण कमी होतं, म्हणून बहुतेक सेंटरांनी तिथे रेघ मारलेली आहे. प्रमाण कमी होतं, बंद होत नाही. सहावर, अगदी पाचवरही दिवस राहिलेल्या बायका आहेत. हे वाक्य मला पहिल्या सेंटरमध्ये एकदाही ऐकायला मिळालं नाही. तिथे सात म्हणजे सात.

मी परभणी जिल्ह्यातल्या सेलूची. जिल्हा परिषदेच्या शाळेत आहे, ह्यांचं मोंढ्यात खत-बियाण्याचं दुकान. तपासणीसाठी संभाजीनगर गाठायचं तर सकाळची मराठवाडा एक्स्प्रेस. त्या गाडीत अर्धा डबा ओळखीचा असतो. कुणी हायकोर्टात निघालेलं, कुणी आयुक्त कार्यालयात. "कुठं निघालात मॅडम?" तर "ट्रेनिंगला." एवढी ट्रेनिंगं मराठवाड्यात कुठल्याच शिक्षकाची झाली नसतील. परतूरला क्रॉसिंगला गाडी थांबली की माझा जीव खालीवर व्हायचा, कारण उशीर झाला की नंबर मागे, नंबर मागे गेला की परतीची गाडी हुकली, आणि मग दुसऱ्या दिवशीची किरकोळ रजा. किरकोळ रजा वर्षाला मोजून मिळतात. माझ्या तर दिवाळीआधीच संपायच्या.

सोनोग्राफी आतून करतात. प्रोबवर निरोध चढवलेला, त्यावर थंडगार जेल. पहिल्या काही वेळा मी छताकडे बघत पडून राहायची. नंतर मान वळवून स्क्रीन बघायला लागले आणि हळूहळू वाचायलाही शिकले. पिशवीचा उभा छेद दिसतो, त्याच्या मधोमध अस्तर. जिथे ते सगळ्यात जाड, तिथे डॉक्टर एक फुली ह्या कडेला ठेवतात, एक त्या कडेला. मध्ये ठिपक्यांची रेघ पडते आणि खाली कोपऱ्यात आकडा उमटतो. फुली काठाच्या किंचित बाहेर पडली तरी अर्धा एमएम वाढतो. एकदा सकाळी ज्युनिअर डॉक्टरने ६.१ मोजलं आणि तासाभराने मोठ्या डॉक्टरांनी ६.८. त्या तासात मी फक्त एक चहा प्यायले होते. आकड्याशिवाय बघायची गोष्ट म्हणजे तीन रेघा. बीज फुटण्याआधी चांगलं अस्तर तीन रेघांचं दिसतं, दोन काठाच्या आणि एक मधली. माझ्याही दिसायच्या, पण अस्पष्ट, आणि मध्येच तुटलेल्या. ते तुटलेपण रिपोर्टात लिहायला रकाना नव्हता.

सुरुवात झाली होती साध्या गोळ्यांनी. बीज वाढावं म्हणून क्लोमिफीन दिलं. बीज छान वाढलं, अस्तर पाचच्या वर जाईना. क्लोमिफीन बीजासाठी चांगलं, पण अस्तरावर ते इस्ट्रोजेनचं काम अडवतं. म्हणून हल्ली बरेच डॉक्टर लेट्रोझोल देतात. मलाही बदलून दिलं. फरक पडला नाही. पुढे आयव्हीएफ केलं, गर्भ तयार झाले, पण अस्तर पातळ म्हणून सगळे गोठवून ठेवले. मग सुरू झाली अस्तर वाढवायची मोहीम.

आधी इस्ट्रोजेनच्या गोळ्या. प्रोजिनोव्हा दोन मिलिग्रॅम, दिवसातून तीनदा, मग चारदा. मग त्याच गोळ्या तोंडाऐवजी खालून ठेवायच्या. मग दंडाला चोळायचं जेल. मळमळ, छाती दुखणं, पाय जड. पोटरी दुखली किंवा एका पायाला सूज आली तर लगेच फोन करायचा, एवढं मात्र बजावलं होतं, कारण ह्या औषधांनी रक्ताची गाठ होण्याचा धोका वाढतो. सोबत रक्त पातळ ठेवायला इकोस्प्रिन ७५. व्हिटॅमिन ई आणि पेंटॉक्सिफायलिनची जोडगोळी, ती तर महिनोन् महिने. घरी आत्यांची वेगळीच लाईन चालू होती: बीट, डाळिंब, शतावरी, डिंकाचे लाडू. माझ्या सासूबाईंना मी आत्या म्हणते. त्यांना एमएमचं काही कळायचं नाही, पण दर खेपेला परत आले की पहिला प्रश्न तोच, "किती भरलं गं?" लाडवांनी माझं वजन तेवढं भरलं.

मग चिठ्ठीवर आलं सिल्डेनाफिल २५. ह्यांनी नाव वाचलं, दोनदा वाचलं, आणि हळूच म्हणाले, "हे माझ्यासाठी लिहिलंय का?" व्हायग्रातलं तेच औषध, ज्यावर पुरुषांचे विनोद चालतात. रक्तवाहिन्या सैल करून रक्तपुरवठा वाढवायचा हे त्याचं काम. पिशवीकडे रक्त जास्त गेलं तर अस्तर वाढेल, असा हिशोब. सहा-सहा तासांनी गोळी खालून ठेवायची. सेलूत हे औषध घेणं शक्यच नव्हतं. मोंढ्याच्या कोपऱ्यावरचा मेडिकलवाला ह्यांचा शाळूसोबती. संध्याकाळपर्यंत अख्ख्या मोंढ्याने ह्यांच्या तब्येतीची चौकशी केली असती. सेंटरच्या खालच्या मेडिकलमधल्या पोराने मात्र मान वर न करता पाकीट पुढे केलं, "खालून ठेवायचं, तोंडाने नाही. रोजच जातं मॅडम हे."

सहा तासांचा हिशोब केला की एक गोळी बरोबर दुपारी बाराच्या सुमाराची. म्हणजे शाळेत खिचडी वाढायची वेळ. आमच्या शाळेच्या स्वच्छतागृहाला कडी नव्हती. तिसरीतली एक पोरगी मी दाराशी उभी करायची, एका हाताने दार धरायचं, दुसऱ्या हाताने काम उरकायचं, आणि पाण्याचा डबा आधीच नेऊन ठेवायचा, कारण नळाला पाणी असेलच असं नाही. बाहेर पंक्तीत आरडाओरडा, "बाई, मीठ कमी आहे." दुपारी डोकं ठणकायचं, ते ह्या औषधाने होतंच. एवढं करून आकडा आला ६.४.

पीआरपीही केलं. आपलंच रक्त काढायचं, मशीनमध्ये गरगर फिरवायचं, तांबड्या पेशी खाली बसतात, वर पिवळसर पाणी राहतं, त्यातला प्लेटलेट्सचा दाट भाग घेऊन बारीक नळीने पिशवीत सोडायचा. एक मिलिलीटरसुद्धा नसतं. दुखत नाही. दुखतं ते बिलाने. शिवाय फिलग्रास्टिमचं इंजेक्शन, जे खरं तर केमो घेणाऱ्यांच्या पांढऱ्या पेशी वाढवायला देतात, तेही पिशवीत सोडू म्हणाले. तिथे मी विचारलं, ह्याने वाढतं का? उत्तर आलं, "काहींना वाढतं." कुणाला वाढतं आणि कुणाला नाही, ह्यावर गप्प. पुढे दुसऱ्या डॉक्टरांनी सरळ सांगितलं की सिल्डेनाफिल, पीआरपी, हे इंजेक्शन, ह्या सगळ्यांवर छोटे छोटे अभ्यास आहेत, काहींत फायदा दिसतो, काहींत नाही, पक्का पुरावा कशालाच नाही. मला त्या प्रयोगांबद्दल तक्रार नाही. पुरावा कच्चा आहे हे पैसे घेण्याआधी सांगायला हवं, एवढंच माझं म्हणणं आहे.

डॉक्टर बदलला तो माझ्या नणंदेच्या आग्रहाने. नव्या डॉक्टरबाई आमच्याच भागातल्या, बोलणं मराठवाड्याचं. त्यांनी फाईल उघडलीच नाही. पहिला प्रश्न, "पाळी किती दिवस जाते?"

"दीड-दोन दिवस."

"पहिल्यापासून?"

पहिल्यापासून नाही. पूर्वी चार-पाच दिवस जायची. लग्नानंतर लवकरच दिवस राहिले होते, तिसऱ्या महिन्यात ते गेलं, एका दवाखान्यात पिशवी साफ केली, रक्त थांबेना म्हणून पंधरवड्यात पुन्हा साफ केली. त्यानंतर पाळी कमी झाली. आमच्याकडे कमी पाळीला कुणी आजार म्हणत नाही. उलट जाऊबाई म्हणायच्या, "नशीबवान आहेस बाई." दोन्ही क्युरेटिंगचे कागद पहिल्या सेंटरच्या फायलीत लावलेले होते, तिसऱ्या-चौथ्या पानावर. तिथे कुणी ती पानं उलटली नव्हती.

बाईंनी ह्यांना विचारलं, काय करता? खताचं दुकान म्हटल्यावर त्या हसल्या. म्हणाल्या, "मग तुम्हाला लवकर कळेल. अस्तराचे दोन थर असतात. वरचा दर महिन्याला निघून जातो, पाळीत. खालचा तसाच राहतो आणि त्यातून वरचा पुन्हा उगवतो. क्युरेटिंगमध्ये खालची माती खरवडली गेली असेल आणि मुरूम उघडा पडला असेल, तर तुम्ही वरून कितीही युरिया टाका." ह्यांना ते एका मिनिटात पटलं. मला गोळ्यांची पाकिटं आठवत राहिली.

जिथे खालचा थर खरवडला जातो तिथे पिशवीच्या समोरासमोरच्या भिंती एकमेकींना चिकटू शकतात. ह्याला अ‍ॅशरमन म्हणतात. १९४८ साली ज्या डॉक्टरने त्याचं सविस्तर वर्णन केलं, त्याचं नाव. साध्या सोनोग्राफीत ते सुटून जाऊ शकतं, दुर्बीण आत घालून बघावं लागतं. भूल देऊन ते केलं. नंतर बाईंनी व्हिडिओ दाखवला. गुलाबी भिंती, आणि डाव्या बाजूला वरपासून मधल्या भागापर्यंत पांढरे पट्टे आडवे ताणलेले. बारीक कात्रीने ते एकेक कापले. करंट वापरला नाही, कारण उष्णतेने शेजारचं चांगलं अस्तरही भाजतं. कापलेल्या भिंती पुन्हा चिकटू नयेत म्हणून आत छोटा फुगा ठेवला, तो काही दिवसांनी काढला. मग महिनाभर इस्ट्रोजेन, आणि पुन्हा दुर्बीण घालून तपासणी. चिकटलेलं सोडवलं तरी परत चिकटायची खोड असते. माझं थोडं चिकटलंच होतं, तेही सोडवलं.

त्याच वेळी आतला तुकडा टीबीसाठी पाठवला. आपल्याकडे अस्तर खराब होण्याचं ते एक मोठं कारण आहे आणि खोकला वगैरे काही नसताना तो पिशवीत असू शकतो. माझा रिपोर्ट निगेटिव्ह आला. पण वेटिंग हॉलमध्ये हिंगोलीकडच्या एका बाईची ओळख झाली होती, तिला निघाला. सहा महिन्यांचा कोर्स, सरकारी दवाखान्यातून औषधं फुकट. लघवी केशरी होते म्हणून ती घाबरून बसली होती. ते रिफाम्पिसिनने होतं, त्याला भ्यायचं नसतं. हे औषध शरीरातलं इस्ट्रोजेन लवकर संपवून टाकतं, म्हणून कोर्स चालू असताना अस्तराच्या गोळ्या द्यायच्याच नाहीत असं तिच्या डॉक्टरांनी ठरवलं होतं. तिची दोन वर्षं आधीच अस्तराच्या गोळ्यांत गेली होती. तिच्याही अस्तराची जाडी सगळ्यांनी मोजली होती.

ह्याच काळातली एक गोष्ट सांगायची राहूच नये. शाळेत एका मुलीची आई आली, ऊसतोडीला जाणारी. वय माझ्याहून कमी. मी वारंवार रजेवर का असते ते गावात कळलेलंच होतं. मायेने जवळ बसली आणि म्हणाली, "मॅडम, मी तर काढूनच टाकली पिशवी. कारखान्यावर खाडा पडत नाही आता." बीड जिल्ह्यातल्या ह्या शस्त्रक्रियांवर २०१९ साली राज्य सरकारला समिती नेमावी लागली होती, ते मी वाचलं होतं. वाचणं वेगळं. मी एकेक पॉईंट वाढवायला धावत होते आणि तिची अख्खी पिशवी तिशीच्या आत गेली होती, पोट दुखतंय एवढ्या कारणावर. तिला काय बोलावं ते मला सुचलं नाही. मी तिच्या पोरीची हजेरी चांगली आहे म्हणून सांगितलं.

दुर्बिणीनंतर पाळी तीन दिवस जायला लागली. सोनोग्राफीत तीन रेघा सलग दिसायला लागल्या. आकडा मात्र ६.७. मी रडायच्या बेतात. बाई म्हणाल्या, "आकड्याला किती दिवस धरून बसणार? तुमचं आहे ते एवढं आहे. पोत चांगला आहे, रक्त पोचतंय. गर्भ सोडू."

पहिल्या वेळी गोळ्यांवरच्या सायकलमध्ये सोडला. प्रोजेस्टेरॉनची तेलातली इंजेक्शनं होती, रोज संध्याकाळी, कमरेखाली. तेल घट्ट, सुई जाड. सिस्टर आधी कुपी तळहातात चोळून कोमट करायची, मग हळूहळू दाबायची. तरी गाठी यायच्या, त्या गरम पाण्याच्या पिशवीने शेकायच्या. फळ्याकडे वळून उभं राहणं बरं, खुर्चीत बसणं नको. गर्भ सोडण्याचं काम त्यामानाने पाच मिनिटांचं. मूत्राशय गच्च भरलेलं लागतं, पोटावरून सोनोग्राफी चालू असते, बारीक नळी आत जाते आणि स्क्रीनवर एक पांढरा ठिपका चमकतो. बीटा, म्हणजे दिवस राहिले का ते सांगणारी रक्ततपासणी, निगेटिव्ह आली. आत्यांनी त्या दिवशी काहीच विचारलं नाही. भाकरी करून दिली आणि शेजारी बसल्या.

दुसऱ्या वेळी बाईंनी इस्ट्रोजेनच्या गोळ्याच बंद केल्या. माझं बीज दर महिन्याला आपोआप तयार होतंय, तर त्याचंच इस्ट्रोजेन वापरू, म्हणाल्या. पाळी नियमित असणाऱ्यांना असं नैसर्गिक सायकलमध्ये गर्भ सोडता येतो. सोनोग्राफी जास्त वेळा करावी लागते, कारण बीज कधी फुटतं ते पकडायचं असतं, पण गोळ्यांचा तो ढीग नाही. त्या महिन्यात अस्तर भरलं ६.८. सातला पोचलंच नाही. बीटा पॉझिटिव्ह आली.

पुढचं थोडक्यात लिहिते, कारण गरोदरपणाचं लिहिणारे खूप आहेत. एक गोष्ट मात्र कुणी लिहीत नाही. अस्तर वाढलं आणि दिवस राहिले म्हणून अ‍ॅशरमनचं प्रकरण मिटत नाही. जिथे खालचा थर खराब असतो, तिथे वार, म्हणजे प्लॅसेंटा, नको तितकी खोल रुतून बसू शकते आणि बाळंतपणात सुटत नाही. म्हणून बाईंनी सातव्या महिन्यापासून वार कुठे आहे, किती खोल आहे हे बघायला वेगळी सोनोग्राफी लावली, आणि सांगून टाकलं की सेलूत, परभणीत बाळंत व्हायचं नाही. जिथे रक्त आणि भूलतज्ज्ञ रात्रीही हजर असतात तिथेच. पहिलं बाळंतपण माहेरी, ही रीत आईने सोडून दिली आणि तीच संभाजीनगरला येऊन राहिली. ह्यांच्या दुकानातल्या दोन पोरांचा रक्तगट माझ्याशी जुळत होता. त्यांनी आधीच येऊन रक्तपेढीत रक्त दिलं.

सिझेरियन झालं, मुलगी झाली. वारेचा डावीकडचा भाग चिकटलेलाच होता, पट्टे होते त्याच बाजूला. हाताने तुकड्या-तुकड्याने काढावी लागली. दोन पिशव्या रक्त लागलं. पिशवी वाचली. डिस्चार्ज कार्डावर हे सगळं सविस्तर लिहून घेतलं आहे, आणि त्याची झेरॉक्स फायलीत पहिल्या पानावर लावली आहे, चौथ्यावर नाही.

पहिल्या सेंटरमध्ये आमचे दोन गर्भ अजून गोठवलेले आहेत. कायद्याने ते दहा वर्षांपर्यंत ठेवता येतात, भाडं दर वर्षी भरायचं. परवा त्याचा मेसेज आला. दुसऱ्या बाळाचं काय करायचं ते आमचं ठरलेलं नाही, बाईंनीही घाई करू नका म्हटलंय. ह्यांनी दुकानातूनच ह्या वर्षाचं भरून टाकलं.